जशी आज्ञा

२३ फेब्रुवारी

फादरांनी सांगितलं म्हणून लिहितेय, नाहीतर या वयात मला हे चाळे सुचले नसते. शनिवारी कुमसाराला बसले, नेहमीची पापं सांगितली. तोंडाळपणा, स्वयंपाकघरात बकुळावर ओरडणं, रोझरी म्हणताना डुलकी. मग म्हटलं, फादर, प्रार्थनेत काही लागत नाही. म्हणजे काय, म्हणाले. म्हटलं, उसाचा चोथा चघळावा तसं. दात चालतात, रस नाही. माझ्या भाच्याच्या वयाचे आहेत ते. म्हणाले, सिस्टर, बोलवत नसेल तर लिहा. रोज नको, वाटेल तेव्हा.

वाटत नाहीये. तरी लिहितेय. सांगितलेलं करायची सवय आहे.

तर मी सिस्टर अन्सिला. वय एकाहत्तर, माहेर वसई. व्रतं घेतली त्याला चाळीसहून जास्त वर्षं झाली आणि त्यातली निम्मीअधिक रत्नागिरीत, याच शाळेत गेली. आधी पहिली-दुसरीला शिकवलं, मग प्राथमिकची मुख्याध्यापिका झाले, मग वयानं खुर्ची काढून घेतली. आता ज्यांना वाचता येत नाही ती मुलं माझ्याकडे पाठवतात, जिन्याशेजारच्या खोलीत. शाळा, ज्युनिअर कॉलेज, होस्टेल, केवढा पसारा आहे आमचा, त्यातली ही एक खोली माझी. व्रताप्रमाणे माझं म्हणून काही नसतं. पण खोली माझी.

दुःख वगैरे नाही. दुःख असतं तर बरं झालं असतं, ते ओळखीचं तरी आहे.

६ मार्च

शुक्रवार. ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळातला, म्हणजे मटण-कोंबडी बंद. बकुळानं सुरमईचं कालवण केलं. ही आमच्या स्वयंपाकघरातली, मिरकरवाड्याची, नवरा बोटीवर. दर वर्षी या दिवसांत तिचा एकच प्रश्न असतो.

"काय वो सिस्टर, ह्यो कसला तुमचा उपास? आमी उपासाला मासली बंद करताव, नि तुमी उपासाला मासली खाताव!"

मी दर वर्षी हसते. आज हसले नाही, असं तीच म्हणाली. "बरा नाय का वो?" बरं आहे म्हटलं. गुडघा सोडून सगळं बरं आहे. जानेवारीत जिन्यावरून पडले तेव्हापासून आमच्या सुपीरियर, म्हणजे मठाच्या प्रमुख, सिस्टर ज्योत्स्ना मला एकटीला जिना चढू देत नाहीत. चांगली बाई आहे, कामाला वाघ. पण प्रत्येक वाक्याच्या शेवटी "काळजी घ्या" म्हणते आणि ते मला "बाजूला व्हा" असं ऐकू येतं. हेही कुमसारात सांगायला हवं.

माझ्या खोलीतल्या सानवीला अजून 'क'ला काना लावला की काय होतं ते सांगता येत नाही. दुसरीत आहे. चित्र बघून धडे पाठ म्हणते आणि सगळ्यांना वाटतं, वाचते. मी चित्रावर हात ठेवला. मुलगी माझ्याकडे असं बघायला लागली, जसं काही मी दिवाच घालवला.

१७ मार्च

प्रोव्हिन्शियल येऊन गेल्या. आमच्या महाराष्ट्रातल्या सगळ्या मठांवर त्यांची देखरेख असते. वर्षातून एकदा येतात, प्रत्येक सिस्टरला एकटीला बोलावून बसतात, आणि मग उन्हाळ्यात बदल्यांची पत्रं निघतात. या म्हणजे आमची लीना. मठात नवीन आली तेव्हा माझ्याच हाताखाली होती. चादर कशी घालायची, झग्याची इस्त्री कशी करायची, उलट उत्तर गिळायचं कसं, सगळं मी शिकवलं. आता मी तिला "सिस्टर, तुम्ही" म्हणते. पद म्हणजे पद.

पार्लरमध्ये, म्हणजे मठाच्या भेटीच्या खोलीत बसलो. तिनं गुडघ्याची चौकशी केली. मग म्हणाली, "सिस्टर, तुम्हाला काय हवंय? इथं राहायचंय, की नगरकडच्या आपल्या घरी विश्रांती घ्यायचीय?"

ते घर म्हणजे आमच्या म्हाताऱ्या सिस्टरांचं. तिथं गेलेली परत येत नाही.

मी म्हटलं, "जशी आज्ञा."

"नाही, थांबा. मी परीक्षा घेत नाहीये. खरंच विचारतेय. राहायचं असेल तर इथं मदतीला कुणी देते, खाली खोली करून देते. तुम्ही फक्त सांगा."

"माझं असं काही उरलेलं नाही, सिस्टर. जिथं पाठवाल तिथं."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग तिनं माझा हात धरला आणि सोडला.

उत्तर चांगलं दिलं असं वाटलं. हे उत्तर मीच तिला शिकवलंय: विचारलं की मागायचं नाही, वाकायचं. आणि तिला कळलं असणार. ज्या बाईला जायचंय ती "गुडघा दुखतो" म्हणते. "जशी आज्ञा" म्हणणारीला राहायचं असतं हे आमच्यात कुणालाही कळतं.

५ एप्रिल

ईस्टर. मेणबत्त्या पेटल्या, घंटा वाजल्या, मुलींनी छान गायलं. प्रभू उठला म्हणतात. मी उभी राहिले, बसले, उभी राहिले. गुडघा तेवढा कळला.

१६ एप्रिल

पत्र आलं. रात्रीचं जेवण झालं की सुपीरियर सगळ्यांसमोर वाचतात, अशी रीत आहे. जिचं तिला आधी सांगत नाहीत. वाचून झालं की टाळ्या वाजवायच्या. कुणी दूरच्या मिशनवर जाऊ दे नाहीतर मरायला जाऊ दे, टाळ्या.

सिस्टर अन्सिला, नगरकडच्या घरी, विश्रांतीसाठी. मेअखेर.

टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या. कस्टर्ड होतं, दोनदा घेतलं. मला काही वाटलं नाही, हे खरंच लिहितेय. ज्योत्स्नाच्या डोळ्यांत पाणी होतं, मला ते जरा जास्तच वाटलं.

डाळीत मीठ फार झालं होतं म्हणून जेवणानंतर बकुळाला झापलं. ती म्हणाली, चाखा, बरोबर हाय. पुन्हा चाखली. बरोबर होती. तरी झापलं.

२४ एप्रिल

शाळेला सुट्टी लागली. उमाबाई आंबे घेऊन आल्या. मराठीच्या आमच्या बाई, पावसकडे सासरची बाग आहे. मी मुख्याध्यापिका असताना त्या नव्या लागल्या, आता त्यांच्याच निवृत्तीला फार दिवस नाहीत.

"कळलं," म्हणाल्या. "तुम्ही नको म्हणून सांगितलं नाहीत?"

"आमच्यात सांगत नाहीत."

"त्यांनी विचारलं नाही?"

"विचारलं."

"मग?"

"मग काय? जशी आज्ञा म्हटलं."

उमाबाईंनी कपाळावर हात मारला. "अहो सिस्टर, लग्नाला इतकी वर्षं झाली तरी आमच्या ह्यांना चहात साखर कमी हवीय हे तोंडानं सांगावं लागतं! मनातलं ओळखायला त्या काय देव आहेत?"

मी म्हटलं, तुम्हा संसारी लोकांना हे समजायचं नाही. जरा तोऱ्यातच म्हटलं. त्या गेल्यावर पेटीतला एक आंबा कापला आणि अर्धा तसाच ठेवला. हापूस टाकायची माझी जात नाही. उष्म्यानं भूक मेली असेल.

त्या म्हणतात तसं नाही. लीनाला माहीत आहे. पत्रं आधी टाइप होऊन ठेवलेली असतात, मग चूक लक्षात आली की फोन करतात. असं पूर्वी झालेलं आहे.

८ मे

बॅगा भरल्या. दोनच असतात, वेळ लागत नाही. एकीत झगे, एकीत पुस्तकं आणि औषधं. उरलेलं वाटलं. छत्री बकुळाला दिली, ती रडायला लागली.

"आता कोन आमाला शिव्या देनार वो?"

तिचं रडणं बघून मला काहीच होईना. उलट कंटाळा आला. नाक पुस म्हटलं, कालवणात पडेल.

दुपारी शाळेत फिरून आले. खिडक्या नीट लावल्यात का ते कुणीतरी बघायला हवं. जिना हळूहळू चढले, ज्योत्स्ना बँकेत गेली होती. सगळे वर्ग पाहिले. खिडक्या लावलेल्याच होत्या. शेवटी माझ्या खोलीत बसले. बसायचं काही कारण नव्हतं. दिवेलागण झाल्यावर बकुळा शोधत आली आणि ओरडली, आख्खा मठ तुम्हाला हुडकताव नि तुमी हितं अंधारात!

ऑफिसचा फोन वाजला की मी उठते. गुडघ्याला तेवढाच व्यायाम. आज एकदा होस्टेलच्या चौकशीचा होता, एकदा गॅसवाल्याचा.

२५ मे

माझ्या जागी आलेली सिस्टर आज पोचली. सुहासिनी साळवे, नगरच्याच बाजूची, चाळिशीच्या आतली. इतकी वर्षं त्या म्हाताऱ्यांच्या घरीच सेवेला होती. म्हणजे ती तिथून इथं, मी इथून तिथं. अदलाबदल.

डोळे सुजलेले. म्हणाली, गाडी लागली. समुद्र पहिल्यांदाच पाहिला म्हणे. रात्री विचारते, "ह्यो आवाज कधी बंद व्हतो?" मी म्हटलं, बंद झाला तर आम्हीच घाबरू. ताटातला बांगडा पाहून तिचा चेहरा असा झाला की बकुळानं मुकाट्यानं अंडं तळून दिलं.

तिला माझी खोली दाखवली, मुलांच्या पाट्या, अक्षरांचे पुठ्ठे. सानवीचं सांगितलं, चित्रावर हात ठेवायचा, मग ती खरं वाचते. आता जोडाक्षरावर आलीय. सुहासिनी हो हो म्हणत होती. ऐकत नव्हती. सारखी मोबाइल बघत होती.

विचारलं तर म्हणाली, "सिस्टर कॉन्स्टन्सनी दुपारची पेज घेतली का, त्ये विचारलंय. माझ्याशिवाय कुनाच्या हातनं घेत न्हाईत त्या."

२८ मे

आज दुपारी स्वयंपाकघरात जे झालं ते नीट लिहायला हवं.

बकुळा कोलंबी सोलत होती, मी लसूण, आणि सुहासिनी नाकाला रुमाल लावून तांदूळ निवडत होती. तिचं रडणं परत सुरू झालं. मी वैतागले. म्हटलं, "बाई, तू सारखी रडतेस कशाला? तरुण आहेस, चांगली शाळा मिळालीय."

"मला शाळा नगं हुती, सिस्टर. मला शिकवता येत न्हाई. मला माझ्या म्हाताऱ्या पायजे हुत्या."

"मग सांगायचं होतंस!"

"सिस्टर लीनांनी इचारलं की. म्हनल्या, खरं सांग, तुला हितंच ऱ्हायचंय का. बदली पायजे तरच करते म्हनल्या."

"आणि तू काय म्हणालीस?"

ती तांदळाकडे बघत म्हणाली, "जशी आज्ञा."

"अगं बये!" मी ओरडले. लसणीची वाटी खाली पडली. "अगं, ती तुला एवढं विचारतेय आणि तू... तोंडाला काय कुलूप होतं? तिला काय स्वप्न पडणार आहे तुला काय हवं ते? देवानं जीभ कशाला दिलीय?" मी खूप बोलले.

सुहासिनीनं वर पाहिलं. "तुमी काय म्हनला हुता, सिस्टर?"

मी रिकामी वाटी उचलली.

बकुळा आमच्या दोघींच्या तोंडाकडे बघत होती. मग कोलंबीचं भांडं बाजूला सारून ती इतकी हसली, इतकी हसली की तिला ठसका लागला. "म्हंजे दोगींना इचारलान, नि दोगी बी खोटा बोललाव? नि शनवारी पापं सांगायला जाताव ती कसली?"

मला हसू आलं नाही. मी खाली वाकून लसणी गोळा करत राहिले. त्या गोळा करायला पुष्कळ वेळ लागला.

२९ मे

सकाळी चॅपेलमध्ये मिस्सा झाल्यावर ज्योत्स्नाच्या ऑफिसात गेले. म्हटलं, मला प्रोव्हिन्शियलना फोन लावून दे आणि जरा बाहेर जा. ती चकित झाली, पण गेली. दार लावून घेतलं.

काय बोलायचं ते पाठ केलं होतं. सुहासिनीसाठी बोलायचं, एवढंच. दुसऱ्यासाठी मागितलेलं चालतं.

"सिस्टर, सुहासिनीला इथून परत बोलवा. तिचा जीव तिथं आहे. शिकवणं तिला जमत नाही, ती तुम्हाला खोटं बोलली."

लीना ऐकत होती. मग म्हणाली, "सिस्टर, पुष्कळ जणी हलल्यात या वेळी. एकीची कडी दुसरीत आहे. तिच्या जागी तिथं नर्सिंग झालेली सिस्टर परवाच रुजू झाली. आता एक काढली तर सगळी साखळी सुटेल. एक वर्ष तिला काढावं लागेल. मी तिच्याशी बोलेन."

"बरं," मी म्हटलं. ठेवणारच होते.

"आणि तुम्ही?"

"मी काय?"

"तुम्ही खरं बोलला होतात?"

जशी आज्ञा हे शब्द जिभेवर आले होते. खरंच आले होते. मी त्यांना ढकललं आणि त्यांच्या जागी काय आलं तर, "लीना, मला जायचं नाही गं."

एकेरी हाक मारली मी तिला. कळलं नाही तेव्हा.

मग मी बोलतच सुटले. "मला इथंच राहायचंय. मला माझी खोली हवीय. सानवी नुकती वाचायला लागलीय. मला हा समुद्राचा आवाज हवाय. मला तिथं पडून राहायचं नाहीये. मला इथं मरायचंय, मिरकरवाड्याच्या पोरांच्या गोंगाटात. त्या दिवशी मी तुला खोटं बोलले. मला वाटलं तुला कळेल."

"मला कळलं होतं, सिस्टर," ती म्हणाली. "आठवडाभर पत्र अडवून ठेवलं मी. वाटलं, फोन कराल. पण तुम्हीच शिकवलंत मला, सिस्टरनं जे म्हटलं ते खरं धरायचं, तिच्या मनातलं आपण बनवायचं नाही. म्हणून खरं धरलं."

"मग आता?"

"आता नाही, सिस्टर. तुमच्या मदतीला जी देणार होते ती दुसरीकडे गेली. खालची खोली होस्टेलच्या मेट्रनला दिली. डॉक्टर तुम्हाला जिन्यापाशी ठेवू नका म्हणतात. आता नाही होणार."

नाही म्हणाली. स्पष्ट. मी फोन ठेवला.

आणि मग मला रडू आलं. कधी सुरू झालं ते कळलं नाही, झगा ओला झाल्यावर कळलं. नाक वाहत होतं, तोंडातून लहान मुलासारखा आवाज येत होता. ज्योत्स्ना धावत आत आली, काय झालं, काय झालं. मी म्हटलं, मला जायचं नाही, आणि ती नाही म्हणाली. ज्योत्स्नानं मला कवेत घेतलं. काळजी घ्या म्हणाली नाही. ती पण रडली. पोटात इतकं दुखत होतं की वाटलं, डॉक्टरला बोलवावं लागेल. दुखतंय, एवढं मात्र नक्की.

३१ मे

काल सुहासिनीलाही फोन करायला लावला. बाजूला उभी राहिले, तिनं "जशी" म्हटलं की तिच्या पायावर पाय देणार होते. द्यावा लागला नाही. तिनं सांगितलं. तिलाही नाहीच मिळालं, पण पुढच्या उन्हाळ्यात परत बोलवायचा शब्द मिळाला. फोन ठेवून आली आणि बांगडा मागितला. अर्धा खाल्लान.

संध्याकाळी चॅपेलमध्ये गेले. कुणी नव्हतं. गुडघे टेकता येत नाहीत म्हणून बाकावर बसले आणि त्याच्याशी भांडले. मोठ्यानं. म्हटलं, एवढी वर्षं मी तुला देते देते म्हणत राहिले आणि हातात काही नव्हतंच माझ्या. आता आहे. मला हे हवंय. मला हे इतकं हवंय, आणि तू ते घेतोयस. घे. पण मी हसून देणार नाही.

रस होता त्यात. कडू होता. पण होता.

७ जून

नगरकडचं घर. इथं समुद्र नाही. वारा आहे, तो रात्रभर शेवग्याच्या झाडाला हलवतो. बाकी शांत.

निघताना बकुळा स्टँडवर आली होती, डब्यात सुकट घेऊन. एसटीत वास सुटला आणि शेजारचा माणूस उठून मागं गेला.

इथं मला काम नाही. पण सिस्टर कॉन्स्टन्स नव्या नर्स सिस्टरच्या हातनं पेज घेईना. ही कॉन्स्टन्स नव्वदीच्या घरातली, एकेकाळी आमची प्रोव्हिन्शियल होती, सगळा प्रांत थरथर कापायचा. आता पलंगाला खिळलीय. म्हणून आज दुपारी वाटी घेऊन मी गेले.

तिनं माझ्याकडे पाहिलं. "सुहासिनी कुठाय?"

"रत्नागिरीला. तिची बदली झाली. माझ्या जागी ती गेली, मी इथं आलेय."

"मला तू नको," ती म्हणाली. "मला ती हवीय."

मला राग यायला हवा होता. मी वाटी खाली ठेवली. म्हटलं, "मलाही इथं यायचं नव्हतं, सिस्टर. मला रत्नागिरी हवी होती."

म्हातारीनं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. एवढ्या वर्षांत तिच्यासमोर असं कुणी बोललं नसेल. मग ती हळूच सरकली आणि पलंगावर मला बसायला जागा केली.

"मग रड," ती म्हणाली. "पण आधी पेज भरव, गार होतेय."

मी भरवली. दोघींचे डोळे वाहत होते, निम्मी पेज चादरीवर सांडली. उरलेली तिनं घेतली.